कागदात गुंडाळलेले पुडके

संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. पेठेतील औषधांच्या दुकानापुढे गिऱ्हाइकांची बऱ्यापैकी गर्दी असते. कुणाला रक्तदाबाच्या गोळ्या हव्या असतात, कुणाला खोकल्याचे औषध, कुणाला मुलाच्या फुटलेल्या गुडघ्यासाठी मलम. ह्या गर्दीपासून चार पावले दूर, विजेच्या खांबाशी एक वृद्ध गृहस्थ उभे असतात. हातात कापडी पिशवी, अंगात स्वच्छ सदरा, आणि चेहऱ्यावर कुणाची तरी वाट पाहत असल्याचा भाव. वस्तुतः ते कुणाचीही वाट पाहत नसतात. दुकान रिकामे होण्याची तेवढी वाट पाहत असतात. अखेर गर्दी ओसरते. गृहस्थ पुढे सरकतात, मागे-पुढे पाहतात, काही बोलण्यासाठी तोंड उघडतात. आणि नेमक्या त्याच क्षणी शेजारच्या इमारतीतील बाई येऊन उभ्या राहतात. गृहस्थ घाईघाईने खोकल्याच्या गोळ्यांची एक पट्टी मागतात, पैसे देतात आणि घराकडे वळतात. त्यांना खोकला नाही. त्यांच्या कपाटात अशा पाच पट्ट्या आधीच साठलेल्या आहेत.

हे गृहस्थ कोणी काल्पनिक भित्रे मनुष्य आहेत, असे समजण्याचे कारण नाही. प्रत्येक गावात, प्रत्येक आळीत ते असतात. कधी ते पुरुष असतात, कधी स्त्री. ह्या कथेपुरते ते एका माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेले, एकाहत्तर वर्षांचे विज्ञानशिक्षक आहेत असे धरू. तेहतीस वर्षे त्यांनी फळ्यावर रंगीत खडूने उत्सर्जनसंस्थेची आकृती काढली. दोन मूत्रपिंडे, दोन मूत्रवाहिन्या, खाली मूत्राशय, आणि त्याच्या तोंडाशी झडपेसारखे काम करणारा स्नायू. हे सारे शब्द त्यांनी सत्तर मुलांच्या वर्गात खणखणीत आवाजात उच्चारले. मागच्या बाकावर कोणी फिदीफिदी हसलाच, तर त्याला उभे करून तेच शब्द त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घेतले. शरीराच्या व्यापारात लाजण्यासारखे काही नसते, हे त्यांचे वर्गातले ठरलेले वाक्य. पुढे प्रोस्टेट ग्रंथीची शस्त्रक्रिया झाली, फळ्यावरचा तो स्नायू त्यांच्या स्वतःच्या देहात दुबळा झाला, आणि तेहतीस वर्षांचे वाक्य एका दुकानाच्या फळीपुढे त्यांना उच्चारता येईना.

त्यांना हवी असलेली वस्तू साधी आहे. प्रौढ माणसांनी वापरावयाचे शोषक लंगोट. सगळेजण त्याला डायपर म्हणतात. लहान मुलांसाठी हीच वस्तू घ्यावयाची असली, तर बाप ती छातीशी धरून भर बाजारातून मिरवीत आणतो. दुकानदार ती दर्शनी भागी मांडतो. वेष्टनावर गुटगुटीत बाळाचे हसरे चित्र असते. परंतु तीच वस्तू आकाराने मोठी झाली की तिचे स्थान सर्वांत मागच्या कपाटात, वरच्या फळीवर असते. गिऱ्हाइकाने ती मागितली, की दुकानदारही आवाज उतरवतो. मग ती वर्तमानपत्रात गुंडाळली जाते, वर दोरा येतो, आणि हे सारे एका काळ्या पिशवीत जाते. महाराष्ट्रात २०१८ च्या मार्चमध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, त्यानंतर वर्तमानपत्राचे महत्त्व अधिकच वाढले. गंमत अशी, की एवढा बंदोबस्त केलेले पुडके पाहिल्यावर आत काय आहे हे ओळखावयास कुणालाही क्षणाचाही विलंब लागत नाही. साबण कुणी वर्तमानपत्रात गुंडाळून नेत नाही.

ह्या प्रसंगाकडे विनोदाने पाहणे सोपे आहे. परंतु त्या पुडक्याबरोबर जे जे काही गुंडाळले जाते, त्याचा हिशेब मांडला, तर हसू ओठांवरच विरेल.

प्रथम ह्या व्याधीविषयी. लघवीवरील ताबा इच्छेविरुद्ध सुटणे एवढाच तिचा अर्थ. ती स्वतः एखादा रोग नव्हे; निरनिराळ्या कारणांनी उद्भवणारे ते एक लक्षण आहे. काहींना खोकताना, शिंकताना, हसताना किंवा जड वस्तू उचलताना थोडी लघवी होते. बाळंतपणांनी आणि वाढत्या वयाने ओटीपोटाखालचे स्नायू सैल झालेल्या स्त्रियांत हा प्रकार विशेष आढळतो. काहींना लघवीची भावना इतक्या वेगाने होते, की मोरीपर्यंत पोहोचण्यास सवडच मिळत नाही. काहींचे मूत्राशय पुरते रिकामे होत नाही. ते भरून वाहू लागते. काहींचे मूत्राशय ठीक असते, पण गुडघे धरलेले असतात, दृष्टी मंदावलेली असते, धोतराची किंवा पायजम्याची गाठ सुटत नाही. तेवढ्यात व्हावयाचे ते होऊन जाते. मधुमेह, पक्षाघात, कंपवात, पाठीच्या कण्याची इजा, स्मृतिभ्रंश, वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, इतकेच काय, पण इतर विकारांवर दिलेली काही औषधेही ह्याच्या मुळाशी असू शकतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा त्रास अधिक. आणि तो केवळ म्हाताऱ्यांचाच असतो असेही नाही. दोन मुलांची तिशीतली आईही त्यातून सुटत नाही.

ह्यांपैकी बऱ्याच कारणांवर उपाय आहेत, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊकच नसते. आर्नल्ड केगल नावाच्या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ साली ओटीपोटाखालच्या स्नायूंना बळकटी आणणाऱ्या व्यायामाविषयी लेख प्रसिद्ध केला. आजही तो व्यायाम त्याच्याच नावाने ओळखला जातो. लघवी मध्येच थांबविताना जे स्नायू आवळावे लागतात, तेच स्नायू एरवी ठरावीक वेळा आवळावयाचे आणि सैल सोडावयाचे, एवढाच तो व्यायाम. योगाभ्यास करणाऱ्यास त्यात मूलबंधाची आठवण झाली तर नवल नाही. ह्याखेरीज ठरावीक वेळाने लघवीस जाण्याची सवय लावणे, चहा-कॉफी कमी करणे, बद्धकोष्ठ होऊ न देणे, संसर्ग असल्यास त्यावर औषध घेणे, असे अनेक साधे मार्ग आहेत. शस्त्रक्रियेनंतर आलेला दुबळेपणा काही महिन्यांत पुष्कळदा कमीही होतो. तात्पर्य, शोषक लंगोट ही शेवटची पायरी नव्हे. तो वैद्याकडे जाताना हाती धरावयाचा कठडा आहे. परंतु जो मनुष्य दुकानदारापुढे तोंड उघडत नाही, तो वैद्यापुढे तरी कसा उघडणार? तेथेही तो गुडघेदुखीचे सांगतो, झोप लागत नाही असे सांगतो, आणि मूळ दुखणे घेऊन घरी परततो. झोप का लागत नाही, हे मात्र सांगत नाही.

मग घरी काय घडते? सर्वांत पहिला बळी जातो तो पाण्याचा. पाणीच प्यायले नाही म्हणजे प्रश्न मिटला, असे साधे गणित मनुष्य मांडतो. ते सपशेल चुकीचे ठरते. पाणी कमी झाल्याने लघवी तीव्र होते, मूत्राशयाचा दाह वाढतो, बद्धकोष्ठ होते, संसर्गास आमंत्रण मिळते. आणि ज्या त्रासासाठी हे सारे केले, तोच बळावतो. दुसरा बळी झोपेचा. रात्री चार वेळा अंधारात, दिवा न लावता, कुणाला जाग येऊ नये म्हणून भिंतीला धरून मोरीकडे जाणारा म्हातारा मनुष्य एखाद्या रात्री पाय घसरून पडतो, आणि मांडीचे हाड मोडते. मुलगा म्हणतो, "बाबा, हाक का नाही मारलीत?" ह्या प्रश्नाला बाबांपाशी उत्तर असते, पण ते देता येत नाही. तिसरा बळी माणसांचा. आपल्या अंगाला वास तर येत नसेल ना, ह्या एका शंकेने मनुष्य प्रथम प्रवास सोडतो, मग लग्नकार्ये, मग देवळातील कीर्तन, आणि शेवटी संध्याकाळचा कट्टा. कट्ट्यावरची मंडळी चार दिवस चौकशी करतात. मग म्हणतात, हल्ली त्यांचा स्वभाव जरा विचित्र झाला आहे.

स्त्रियांची कथा ह्याहून मूक असते. सासूबाईंना दुकानात जाता येत नाही. गेल्या तरी फळीपलीकडे पुरुष उभा असतो. यजमानांना सांगता येत नाही, मुलाला तर नाहीच नाही. उरते ती सून किंवा मुलगी. आणि तिलाही सांगावयाचे म्हणजे जिला आजवर घरातल्या चार गोष्टी शिकविल्या, तिच्यापुढे लहान मूल होऊन उभे राहणे. त्यापेक्षा जुन्या लुगड्याच्या घड्या बऱ्या. त्या घड्या मग पहाटे कुणी उठण्यापूर्वी धुवावयाच्या आणि जेथे ऊन पोहोचत नाही अशा कोपऱ्यात वाळत घालावयाच्या. ओलसर राहिलेल्या कापडाने कातडी सोलवटते, चालणे अवघड होते. आणि घरातील मंडळी समजतात, आईचे गुडघे बिघडले.

ह्या मौनाची एक आर्थिक बाजूही आहे, आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. ज्या मालाची मागणी मोठ्याने होत नाही, तो माल दुकानदार पुरेसा ठेवीत नाही. शोषक लंगोटांची पुडकी जागा फार अडवितात. एका पुडक्याच्या जागेत गोळ्यांचे शंभर डबे मावतील. म्हणून दुकानदार एकच प्रकार, एकच माप ठेवतो. गिऱ्हाईक घाईत असते. ते वेष्टनावरील माप वाचीत नाही, आत नग किती हे पाहत नाही, छापील कमाल किंमत तपाशीत नाही. त्याला फक्त दुकानाच्या पायऱ्या लवकर उतरावयाच्या असतात. भाजीवाल्याकडे दोन रुपयांसाठी पाच मिनिटे वाद घालणारा मनुष्य येथे सुट्टे पैसेही परत मागत नाही. घरी आल्यावर कळते, की माप चुकले. सैल लंगोट मांडीशी गळतो, घट्ट लंगोट कातडी काचतो. मग ही वस्तूच कुचकामाची असा ग्रह होतो, आणि ती परत करण्याचे धैर्य तर स्वप्नातही होत नाही. वास्तविक ही निवड समजण्यास कठीण नाही. जो अंथरुणाला खिळलेला आहे, त्याच्यासाठी बाजूंनी चिकटपट्ट्यांनी बंद होणारा प्रकार सोयीचा, कारण तो रुग्णाला न उठविता बदलता येतो. जो हिंडता-फिरता आहे, त्याच्यासाठी चड्डीसारखा वर ओढून घालावयाचा प्रकार. ज्याला थोडाच त्रास आहे, त्याला नेहमीच्या कपड्याच्या आत ठेवावयाची पातळ शोषक घडी पुरते. अंथरुणावर घालावयाचे शोषक आच्छादन निराळेच. माप घ्यावयाचे ते कमरेच्या आणि नितंबांच्या घेराचे. त्यास शिंप्याची टेप पुरते. एवढी माहिती दोन मिनिटांत सांगता येते. पण विचारणारा नसला, तर सांगणारा काय करणार?

अशी न बोलता होणारी खरेदी केवळ आपल्याकडचीच आहे, असे मात्र समजू नये. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत लाकडाच्या लगद्यापासून जखमांसाठी एक शोषक पदार्थ तयार करण्यात आला होता. परिचारिकांनी तो मासिक पाळीच्या दिवसांत वापरून पाहिला. युद्धानंतर, १९२० च्या सुमारास, त्यातूनच कोटेक्स नावाच्या तयार घड्या बाजारात आल्या. आणि लगेच अडचण उभी राहिली, की स्त्रिया त्या पुरुष विक्रेत्याकडे मागेनात. त्यावर तोड निघाली ती अशी: फळीवर पुडकी रचून ठेवावयाची आणि शेजारी एक पेटी, गिऱ्हाइकाने पेटीत पैसे टाकावेत, पुडके उचलावे आणि एक शब्दही न बोलता चालते व्हावे. १९२८ साली तर मॉडेस ह्या नावाच्या घड्यांच्या जाहिरातीत कापून घ्यावयाचे एक कुपनच छापले जाऊ लागले. ते विक्रेत्याच्या हाती दिले, की तो न बोलता वस्तू गुंडाळून देई. पुढे १९८० च्या दशकात जून ॲलिसन ही प्रसिद्ध चित्रपटतारका प्रौढांच्या लंगोटांच्या जाहिरातीत दूरचित्रवाणीवर उघडपणे बोलू लागली. कुपनापासून ह्या उघड बोलण्यापर्यंत पोहोचण्यास त्या समाजालाही अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

आपल्याकडेही ह्याला जोडीचे उदाहरण आहे. १९६८ साली केंद्र सरकारने कुटुंबनियोजनासाठी 'निरोध' बाजारात आणला. तोवर ही वस्तू मोठ्या शहरांतील मोजक्या दुकानांत आणि तीही कुजबुजत मागावी लागे. सरकारने पंधरा पैशांना तीन अशी किंमत ठेवली आणि वितरणाचे काम चहा, साबण, सिगारेट विकणाऱ्या कंपन्यांच्या जाळ्यावर सोपविले. परिणामी खेड्यातील किराणा दुकानात, चहापत्तीच्या शेजारी, निरोध दिसू लागला. त्या काळी नाके मुरडणारे कमी नव्हते. परंतु वस्तू रोज डोळ्यांपुढे राहिली की तिच्यातील भय ओसरते, हे त्या प्रयोगाने दाखविले. चष्म्याचीही कथा काही निराळी नाही. मुलीला चष्मा आहे हे लग्न ठरेपर्यंत लपविणारी पिढी अजून अनेकांच्या आठवणीत आहे. आज चष्मा नाकावर येतो आणि त्याविषयी कुणी बोलत नाही. कवळीही दातांच्या जागी निर्धास्तपणे बसते. श्रवणयंत्र त्या मार्गावर आहे. ज्याने मूत्राशयाच्या दुबळेपणाला आधार द्यावयाचा, ते साधनच तेवढे अजून वर्तमानपत्राआड राहिले आहे.

ह्या साधनाची कुळकथाही काही ओशाळवाणी नाही. त्यात जी पांढरी भुकटी असते, ती आपल्या वजनाच्या अनेक पट द्रव शोषून त्याची लापशी करून धरून ठेवते. तिचा उगम अमेरिकेच्या कृषिखात्याच्या प्रयोगशाळेत १९६० च्या दशकात झालेल्या संशोधनात आहे. जमिनीत ओल टिकून राहावी, हा त्यामागचा एक हेतू होता. शेताच्या ओलीसाठी केलेला विचार रुग्णाचे अंथरूण कोरडे ठेवण्यास उपयोगी पडला. त्याच दशकातील आणखी एक प्रसंग. ५ मे १९६१ रोजी ॲलन शेपर्ड हा अवकाशात जाणारा पहिला अमेरिकन ठरावयाचा होता. उड्डाण अवघे पंधरा मिनिटांचे; म्हणून लघवीची काही सोय करण्याचे कुणाला सुचलेच नाही. परंतु उड्डाण लांबत गेले, शेपर्ड यानात तासन्‌तास बांधलेला राहिला, आणि शेवटी त्याला आपल्या पोशाखातच लघवी करण्याची परवानगी मागावी लागली. ती मिळाली; आणि त्याच पोशाखात तो अवकाशात जाऊन आला. आज अवकाशयानाबाहेर तासन्‌तास काम करणारे अंतराळवीर पोशाखाच्या आत शोषक लंगोट घालतात. त्यांच्या शौर्यास त्यामुळे उणेपणा आल्याचे कोणी म्हटलेले नाही.

येथे कोणी असा आक्षेप घेईल, की मग काय, प्रत्येकाने आपले दुखणे चव्हाट्यावर मांडावे? तसे मुळीच नाही. संकोच हा माणसाचा दोष नव्हे. तो त्याच्या सभ्यपणाचाच एक भाग आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सातव्या अध्यायाला 'नवेगान्धारणीय' असे नाव आहे. मलमूत्रादी तेरा नैसर्गिक वेग अडवू नयेत, असे तो अध्याय सांगतो. आणि त्याच ठिकाणी मनाचे कोणते वेग अवश्य आवरावेत त्यांची यादीही देतो. त्या यादीत लोभ, क्रोध, मत्सर ह्यांच्याबरोबर निर्लज्जपणाही आहे. म्हणजे देहधर्माविषयी मोकळेपणाने बोलणाऱ्या त्या शास्त्रकाराने लज्जेला निरोप दिलेला नाही. त्याने दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. देहाचा धर्म हा देहाचा. त्यात अपराध नाही. आणि दुसऱ्याचा मान राखणे हा मनाचा धर्म. त्यात सवलत नाही. आपली गफलत होते ती ह्या दोहोंच्या मिश्रणात. जेथे लाज वाटावयाची गरज नाही, तेथे रुग्ण लाजतो. आणि जेथे मान राखावयाचा, तेथे भोवतालची माणसे कुतूहलाने मान वळवून पाहतात.

म्हणून आड घेऊन खरेदी करणाऱ्याला हसण्याऐवजी त्याला आड मिळवून देणे, हे दुकानदाराचे काम आहे. आणि चांगला दुकानदार ते सहज करतो. तो चिठ्ठीवर लिहिलेले माप वाचतो आणि वस्तूचे नाव मोठ्याने उच्चारीत नाही. दूरध्वनीवर मागणी घेतो आणि माल पोऱ्याबरोबर घरी पाठवितो. नव्या गिऱ्हाइकाला दुपारच्या निवांत वेळी यावयास सांगतो. मापाची खात्री नसेल, तर शक्य तेथे सुटे दोन नग देऊन पाहतो. आणि मुख्य म्हणजे, पुडके देताना त्याच्या चेहऱ्यावर दया नसते. गोळ्यांची पट्टी जशी द्यावी, तसे तो ते देतो.

निवृत्त शिक्षकांना असा दुकानदार भेटला तो योगायोगाने. सहा महिने ते बसने दोन मैल दूरच्या वस्तीत जाऊन, जेथे आपल्याला कुणी ओळखत नाही अशा दुकानातून माल आणीत होते. एकदा पावसाने बसगाड्या बंद पडल्या. घरातला शेवटचा नग संपलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णालयात तपासणीस जावयाचे. नाइलाजाने ते पेठेतल्याच दुकानापुढे, त्याच खांबाशी येऊन उभे राहिले. पावसामुळे गर्दी नव्हती. फळीपलीकडे मालकाचा मुलगा होता. ह्यांच्याच हाताखाली शिकलेला, आणि एकदा मागच्या बाकावर हसल्याबद्दल उभा राहिलेला.

त्याने छत्री घेतली, बाहेर आला आणि म्हणाला, "सर, भिजता आहात. आत येऊन बसा."

सरांनी सवयीने खोकल्याच्या गोळ्या मागितल्या. त्याने त्या दिल्या. मग इकडे-तिकडे न पाहता, हिशेबाची वही पुढे ओढीत तो म्हणाला, "सर, आईसाठी मी ती दुसरी वस्तू मागवितो, त्यात मध्यम माप आले आहे. घरपोच पाठवीत जाऊ का? वहीत नुसते 'सामान' लिहितो."

सर काही वेळ गप्प बसले. दुकानाच्या पत्र्यावर पावसाचा आवाज चालू होता. अखेर ते म्हणाले, "माप बघावे लागेल. आणतो ते सैल होते."

"टेप आहे, सर. घेर सांगा, बाकीचे मी बघतो."

एवढेच संभाषण. त्यात 'लघवी' हा शब्द आला नाही, 'डायपर' हा शब्दही आला नाही. परंतु त्या दिवसानंतर योग्य मापाचे सामान दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घरी येऊ लागले. दुकानदारानेच पुढे विचारले, की डॉक्टरांना ह्याविषयी सांगितले आहे काय. आणि सांगितले नव्हते म्हणून पुढच्या खेपेस सरांनी ते सांगितले. डॉक्टरांनी व्यायाम शिकविला. तो शिकताना फळ्यावरची आकृती सरांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली असेल, यात शंका नाही.

ह्या प्रश्नाचा व्याप यापुढे वाढतच जाणार आहे. २०११ च्या जनगणनेत साठ वर्षांवरील लोकांची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख होती, लोकसंख्येच्या ८.६ टक्के. जपानमध्ये तर एका मोठ्या कागद-उद्योगाने २०२४ साली देशातील बाळांच्या लंगोटांचे उत्पादन थांबवून प्रौढांच्या लंगोटांवर भर देण्याचे जाहीर केले. आपल्याकडे कराच्या बाबतीत थोडी हालचाल झाली आहे. मासिक पाळीच्या घड्या २०१८ च्या जुलैमध्ये करमुक्त झाल्या; रुग्णांसाठीच्या डायपरवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. हे चांगले झाले. परंतु कर उतरविणे सरकारच्या हाती आहे; आवाज उतरविणे आणि योग्य वेळी चढविणे हे समाजाच्या हाती आहे. प्रवासी स्थानकांवर, नाट्यगृहांत, मंगल कार्यालयांत, कचेऱ्यांत स्वच्छ आणि जवळ असलेले शौचालय, त्यात पिशवी अडकविण्यास एक खुंटी आणि झाकणाची एक बादली, एवढ्या सोयींनी कितीतरी माणसे पुन्हा घराबाहेर पडू शकतील.

वर्तमानपत्राविषयी शेवटचे एक. घनकचऱ्यासंबंधी केंद्र सरकारने २०१६ साली केलेल्या नियमांत असे सांगितले होते, की वापरलेले लंगोट आणि घड्या उत्पादकाने दिलेल्या पिशवीत किंवा एखाद्या योग्य वेष्टनात नीट गुंडाळून कचऱ्यात द्याव्यात. तो नियम सफाई कामगाराचा हात आणि त्याचा मान राखण्यासाठी होता. म्हणजे वर्तमानपत्र हवेच. परंतु ते वस्तू दुकानातून आणताना नव्हे, वापरून टाकताना हवे. आपण नेमके उलट करतो. विकत घेताना तीन पदरी गुंडाळतो, आणि टाकताना उघडेच भिरकावतो. ज्याची लाज वाटावयास नको त्याची लाज, आणि ज्याची वाटावयास हवी त्याची नाही.

निवृत्त शिक्षक आता पुन्हा कट्ट्यावर येऊन बसतात. ते काही बोलले नाहीत आणि कुणी विचारलेही नाही. मात्र एके दिवशी त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे असलेले एक स्नेही गप्पांच्या मध्येच उठून घाईने घराकडे निघाले. तीन दिवस ते असेच उठत होते. चौथ्या दिवशी सर त्यांच्याबरोबर चालत गेले. वाटेत औषधांचे ते दुकान लागले. "ह्या मुलाला भेटून जाऊ," सर म्हणाले, "हुशार आहे. माझाच विद्यार्थी." आणि दोघेही त्या खांबापाशी न थांबता दुकानाची पायरी चढले.